वरची बाजू

४ एप्रिल, शुक्रवार

बारक्या,

तुझ्या बायकोचा फोन आला होता. म्हणाली, "ताई, तुम्ही बहीणभाऊ फोनवर बोललात की पुढचे दोन दिवस आमच्या घरात भांडी आपटतात. त्यापेक्षा लिहून पाठवत जा." बाई शहाणी आहे, तुझ्या वाट्याला कशी आली कोण जाणे. तर लिहितेय. वर 'प्रिय' नाही, ते शोधत बसू नकोस. मोठ्या बहिणीने पत्रात आधी आशीर्वाद द्यायचे असतात म्हणे. ते सध्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिल्लक नाहीत.

तुझा निरोप मिळाला. मोजून चार शब्द. "गाडीच्या रेडिओचा कोड पाठव." ताई नाही, कशी आहेस नाही. बाबांना जाऊन आठ दिवस झाले नव्हते आणि तू येऊन त्यांची गाडी घेऊन गेलास, कागद तुझ्या नावावर आहेत म्हणून. असतील. कोडचं कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि त्यावर कुणाचंच नाव नाही.

रेडिओ का बंद पडला हे तुला कळलेलं नसणार. चार वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतोस, पण चाकांच्या पलीकडे गाडीतलं तुला काही कळत नाही. ऐक. त्या डब्याची वीज तुटली की त्याला वाटतं आपली चोरी झाली. मग वीज परत आली तरी तो चार आकडे विचारतो आणि ते मिळेपर्यंत रेडिओ लावत नाही, सीडीची तबकडी वाजवत नाही आणि आतली तबकडी बाहेरही देत नाही. वीज कशी तुटली ते मला विचारू नकोस. जुनी गाडी आहे, बॅटरीची तार हलली असेल.

आता माझी अट. डबा माझ्या टेबलावर आण. मी आकडे घालीन, चालू करून देईन, तू घेऊन जा आणि हव्या तेवढ्या बातम्या ऐक. आत माझी एक तबकडी अडकली आहे, जुन्या गाण्यांची. ती मी ठेवून घेईन. एवढंच.

तोपर्यंत काय करायचं नाही ते लिहून देते. बायकोला मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे घरात एका माणसाला तरी लक्षात राहील.

आकडे अंदाजाने दाबायचे नाहीत. तीनदा चुकलं की तो तासभर तोंड फिरवून बसतो, दहादा चुकलं की कायमचा मुका होतो. मग तो माझ्याही बापाचं ऐकत नाही, आणि माझा बाप कोण होता ते तुला माहीत आहे.

फटीत काही खुपसायचं नाही. सुरी नाही, पट्टी नाही, स्क्रूड्रायव्हर नाही. एका दाताच्या डॉक्टरने स्वतःचा चिमटा घालून बघितला होता, नंतर चिमटा मी काढला आणि वर त्याने मलाच विचारलं की तो उकळून देता का. तुझ्या शिकाऊ मंडळींनाही सांग, त्या फटीत नाणी टाकायची नसतात. आणि बाजारात ती ब्रशवाली तबकडी मिळते, भिंग साफ करणारी म्हणून, ती आणायची नाही. आत आधीच एक आहे. दुसरी तिच्या उरावर बसेल.

गाडी उन्हात लावायची नाही. हे मी जास्त सांगत नाही, पण लावायची नाही.

डब्याला चार भोकं आहेत समोर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. ती कशासाठी आहेत ते मला माहीत आहे आणि तुला नाही. तशीच राहू दे.

ताई

१७ एप्रिल, गुरुवार

बारक्या,

तुझं पत्र आलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या पॅडवर, वर स्टिअरिंगचं चित्र. वाचून कपाळावर हात मारला.

करू नकोस म्हणून जे जे लिहिलं ते तू ओळीने केलंस. आकडे दाबलेस. बाबांच्या स्कूटरचा नंबर, तुझं जन्मसाल, बायकोचं जन्मसाल, दुकानाच्या फोनचे शेवटचे चार आकडे, आणि सगळ्यात शेवटी माझं जन्मसाल. शेवटी का होईना, आठवलं. पाच झाले. पाच उरले. यापुढे एकही दाबू नकोस.

आणि पेट्रोल पंपाशेजारच्या त्या जाड्याकडे गेलास. तो तुला म्हणाला, "दहा मिनिटांत ओढून काढतो, त्यात काय." त्याला मी पंधरा वर्षं ओळखते. तो ओढून काढतो हे अगदी खरं आहे. त्याने ओढून काढलेलं नंतर आमच्याकडे पिशवीत येतं. तू पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहेस म्हणे. वर लिहितोस, "तुझी गाणी तुटली तर नवीन घेऊन देईन."

बारक्या, ती गाणी नाहीत.

आता नीट बसून वाच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबा माझ्याकडून आवाज उतरवायचं छोटं यंत्र घेऊन गेले. दुकानात रस्त्याचा आवाज येतो म्हणून गाडीत जाऊन बसले, चारही काचा वर केल्या. मी टेबलावर बसून एका गिऱ्हाइकाचा स्पीकर जोडत होते आणि समोरच्या काचेतून मला त्यांचं तोंड हलताना दिसत होतं. चाळीस मिनिटं. मधेच हातवारे करत होते, मधेच थांबत होते. बाहेर आले, यंत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "एका तबकडीवर उतरव. ऐकायचं नाही. आणि यातलं पुसून टाक." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढलं तेव्हा मी दुकानात बसून ती तबकडी उतरवत होते, आवाज शून्यावर ठेवून. मग यंत्रातलं पुसलं. त्यांनी सांगितलं तसं. दुसरी प्रत काढली नाही. तेव्हा मला वाटलं की सांगितलेलं ऐकणं म्हणजे शहाणपणा.

तेव्हापासून चार वर्षं बाबा खिशातल्या वहीत लिहून बोलत होते, हे तुला माहीत आहे कारण तू वर्षातून दोनदा येऊन ती वही वाचत होतास. त्यांचा आवाज जगात कुठे असेल तर तो त्या एका तबकडीवर आहे. आणि ती तबकडी तू त्या जाड्याच्या हातात देणार आहेस.

तू हॉस्पिटलच्या जिन्यात मला जे बोललास ते मी विसरलेले नाही. "आवाज घालवून माणूस वाचवतेस, बाबांना विचारलंस का?" सगळ्यांसमोर. नर्स थांबून बघत होती. त्यानंतर तू दुसऱ्या गावी निघून गेलास आणि मी रोज सकाळी त्यांच्या गळ्यातली नळी साफ केली. मोठेपणा सांगत नाही, कोण कुठे होतं एवढंच सांगते.

मी ती तबकडी ऐकलेली नाही. तू विचारशील म्हणून आधीच सांगितलं.

शनिवारची वेळ रद्द कर. जाड्याला माझं नाव सांगितलंस तर तो स्वतःच रद्द करेल.

ताई

२८ एप्रिल, सोमवार

बारक्या,

जाड्याकडे गेला नाहीस, बरं केलंस. आभार मानणार नाही, न बिघडवल्याबद्दल आभार मानायची पद्धत आमच्या दुकानात नाही.

तुझे प्रश्न. चार पानं प्रश्न. इतकं तू शाळेतही लिहिलं नसशील. एकेकाचं उत्तर देते.

आधी का सांगितलं नाही? कारण सांगितलं असतं तर तू दिली नसतीस. आताही देशील की नाही मला खात्री नाही.

तबकडी बाबांनी कुणासाठी केली? माझ्याकडे दिली होती. माझ्या कपाटात होती. यावरून काय समजायचं ते समज.

बॅटरीची तार. हो, मी काढली. तू वर कागद शोधत होतास तेव्हा बॉनेट उघडलं, तार काढली, दहापर्यंत मोजलं, परत लावली. तबकडी आत अडकली होती, डबा बाहेर काढून उघडायला निदान अर्धा तास हवा होता आणि तुझी पावलं जिन्यावर वाजत होती. म्हटलं, मला मिळत नाही तर निदान याला तरी वाजवता येऊ नये. चूक होती का? होती. परत तशी वेळ आली तर परत करीन.

अडकली कशी, हा तुझा चौथा प्रश्न. गाडी भर दुपारी उन्हात उभी होती. आतलं सगळं तापलेलं. अशा वेळी तबकडी अडकते.

आणि "तू ऐकली नाहीस तर ती गाडीत गेली कशी?" हा प्रश्न तू दोनदा लिहिलास, दुसऱ्यांदा खाली रेघ मारून. वकील व्हायला हवं होतंस. बरं, ऐकली. सुरुवातीचं थोडंसं. जाऊन सहा दिवस झाले होते, तू येऊन पोचायच्या जरा आधी, घरात कुणी नव्हतं, गाडी दारात होती. दुसरं कुणी असतं तर पहिल्याच दिवशी ऐकली असती. आवाज त्यांचाच आहे, खरखरीत, पण त्यांचाच. काय बोलले ते मी सांगणार नाही. ते पत्रात लिहायचं नसतं.

तू लिहिलंस की इकडे यायचं नाही, दुकानाची पायरी चढायची नाही. ठीक आहे, चढू नकोस. पण डबा आला पाहिजे. म्हणून या पाकिटात तीन गोष्टी आहेत, नीट बघ, आणि पाकीट फेकायच्या आधी आत बोट घालून बघ.

एक, कोडचं कार्ड. हे तुला देताना माझ्या जिवावर आलं. पण आकडे इतक्यात घालायचे नाहीत, चालू झालं की तू बाहेर यायचं बटण दाबशील आणि मोटर अडकलेल्या तबकडीला ओढत बसेल. ते परवडणार नाही.

दोन आणि तीन, वाकवलेल्या दोन तारा. या त्या चार भोकांसाठी. डावीकडच्या दोन भोकांत एक, उजवीकडच्या दोन भोकांत दुसरी, टक् असा आवाज येईपर्यंत आत. मग दोन्ही बाहेरच्या बाजूला जरा ताणून डबा सरळ आपल्याकडे ओढायचा. वाकडा ओढू नकोस. मागे तारांचे दोन गठ्ठे आणि एरियलची वायर असते, ती हाताने सुटते, दाताने नाही. लहानपणी तू सगळं दाताने सोडायचास.

मग डबा फडक्यात गुंडाळ, खोक्यात घाल, चारी बाजूंनी कागद कोंब आणि पार्सलने माझ्याकडे पाठव. वरचं झाकण उघडायचं नाही. वर आठ स्क्रू आहेत, ते दिसले की तुझा हात शिवशिवेल, मला माहीत आहे. उघडू नकोस. आतलं काम माझं आहे. तबकडी माझी आहे. तू नुसता पोचव.

ताई

१४ मे, बुधवार

बारक्या,

आज टपालात खोकं येईल म्हणून सकाळपासून टेबल रिकामं करून बसले होते. मऊ कापड पसरलं, बारीक स्क्रूड्रायव्हर काढून ठेवले, दिवा खाली ओढला. आलं ते पाकीट. पातळ. तुझी अर्ध्या पानाची चिठ्ठी आणि एक गोल कागद.

चिठ्ठी दोनदा वाचली. तू झाकण उघडलंस. आठही स्क्रू काढलेस, ओळीने लावून ठेवलेस, तबकडी काढलीस, तिला एक ओरखडा नाही, म्हणतोस. तबकडीवर एक कागदी लेबल होतं, एका कडेला सुटून रोलरमध्ये अडकलेलं. त्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं: "दोघांनी एकत्र ऐका. मी गेल्यावर." आणि ते वाचून तू काय केलंस ते खाली लिहिलंयस. "तू हे लपवलंस. पुरावा म्हणून लेबल काढून तुला पाठवतोय, म्हणजे तुझ्याच घरात तुझ्याच डोळ्यांसमोर राहील. तबकडी मी जपून ठेवली आहे, कापडात, खालच्या बाजूला बोटसुद्धा लावलेलं नाही. एकट्याने ऐकली नाही. लिहिलंय दोघांनी, म्हणून. मी तुझ्यासारखा नाही. आधी माफी माग, मग बघू."

लेबल हातात घेतलं. एकाच तुकड्यात निघालंय, कुठे फाटलेलं नाही. फार सावकाश काढलं असशील, कडेने नख घालून, गोल गोल. मग मी ते उलटं केलं.

बारक्या, खिडकीशी जा. तबकडी कापडातून काढ आणि उजेडासमोर धर. घाई नको. कडेला चांदीचा एक पट्टा दिसेल, आणि मधल्या भोकाच्या भोवती, जिथे आधी आरसा होता, तिथे बाहेरचं दिसेल. खिडकीबाहेर झाड असेल तर झाड दिसेल.

ती चांदी इथे आहे. लेबलाच्या मागे, डिंकाला चिकटून.

दुकानात येणारं प्रत्येक माणूस खालची चकचकीत बाजू जपतं. हात पुसून धरतं, फुंकर मारतं. तबकडी टेबलावर ठेवायची झाली की वरची बाजू खाली करतं. मी रोज सांगते, अहो, खाली जाड प्लास्टिक आहे, त्यावर ओरखडा पडला तरी घासून काढता येतो. आवाज असतो तो वरच्या बाजूला, लेबलाच्या लगेच खाली, कांद्याच्या सालीइतक्या पातळ चांदीत. घरी उतरवलेल्या तबकडीवर तर दुसरं काहीच संरक्षण नसतं. म्हणून कागदी लेबल लावायचं नाही, आणि चुकून लावलंच तर जन्मात काढायचं नाही. ते सुटत असलं तर कडेला चिकटपट्टी लावायची. हे मी शेकड्याने लोकांना सांगितलंय. अनोळखी लोकांना, ज्यांची तोंडंही मला आठवत नाहीत, त्यांना. तुला तीन पत्रं लिहिली, त्यात सुरी आली, चिमटा आला, दातही आले. लेबल हा शब्द आला नाही. लेबल लिहिलं असतं तर त्यावर काय लिहिलंय हे तू विचारलं असतंस.

मशीन तबकडी आतून बाहेर वाचत जातं. सुरुवात मधल्या भोकापाशी असते, तिथेच कुठे काय आहे त्याची यादी असते. तीच गेली की कडेचं उरलं तरी कुठल्याच मशीनला ते सापडत नाही. आणि चाळीस मिनिटं कडेपर्यंत पोचतही नाहीत. सगळं आतल्याच भागात होतं. मी डिंकातून ती चांदी परत काढून बसवू शकत नाही. कुणीच नाही बसवू शकत. तुला आशा वाटू नये म्हणून स्पष्ट लिहिते. बाबांचा आवाज गेला.

हॉस्पिटलच्या जिन्यातलं ते वाक्य आता मला तुला जसंच्या तसं म्हणता येईल. सकाळी पाकीट उघडल्यापासून ते माझ्या ओठावर आहे. ते मी म्हणत नाही, आणि याचा अर्थ तुला माफ केलं असा घेऊ नकोस. तुझा मला इतका राग आलाय की दुपारी मी दुकान बंद केलं. तू एकट्याने ऐकली नाहीस, याचा तर सगळ्यात जास्त आला. ऐकली असतीस तर निदान एका माणसाने तरी सगळं ऐकलं असतं.

लेबलाचं सांगते. ऑपरेशननंतर घरी आल्यावर बाबांनी दुकानातल्या खोक्यातून ते शेवटचं कोरं लेबल शोधून काढलं. मी तोंड उघडलं, त्यांना हे सांगायला की बाबा, कागदी लेबल नको. तुम्हीच मला शिकवलंत. त्यांनी वहीत लिहिलं, "माहीत आहे. आता हाताने लिहिण्याशिवाय काय करू?" मी त्यांना टेबलावर जागा करून दिली. ते लिहून झालं, जरा वाकडं चिकटवलं, आणि तबकडी माझ्या कपाटात ठेवली. म्हणजे वर काय लिहिलंय ते मला चार वर्षं माहीत होतं. तुला बोलावून घ्यायला हवं होतं. बाबा गेल्यावर ती गाडीत लावली त्या दिवशी मी म्हटलं, चार वर्षं मी एकटीने केलं, तर ऐकणंही एकटीने.

आणि थोडंसं ऐकलं हेही खोटं. मी एकोणीस मिनिटं ऐकलं. ती एकोणीसच्या एकोणीस तुझ्याबद्दल होती.

आता ते माझ्याशिवाय कुणाकडेच नाही, म्हणून लिहून देते. सगळं नाही आठवत, पण जे आठवतंय त्यात एक शब्द माझा नाही. राग आला की मला पाठ होतं, हे तुला माहीत आहे.

ते म्हणाले: "बारक्या, पुढे बस. मागे बसलास की तू खिडकीबाहेर बघतोस. तुझ्याशी आधी बोलतो, कारण तू लवकर उठून जातोस. काल ऑपरेशनवरून तू माझ्याशी भांडलास. मला वाईट नाही वाटलं. एवढ्या वर्षांत तू सलग अर्धा तास माझ्याशी पहिल्यांदाच बोललास."

मग म्हणाले: "तू नववीत होतास तेव्हा एका गिऱ्हाइकाचा नवा कोरा रेडिओ खोललास आणि तुला परत बसवता आला नाही. मी ताईला बोललो. त्या माणसासमोर बोललो. तू दाराआड उभा होतास. मला माहीत होतं की ते काम तुझं, कारण स्क्रू ओळीने लावून ठेवलेले होते. ताईचे कधी ओळीत नसतात. तिला बोललो कारण ती ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी परत टेबलावर येऊन बसते. तुला बोललो असतो तर तू परत आला नसतास. तसाही आला नाहीस. मी वाट बघत होतो की तू येऊन सांगशील. सांगितलं असतंस त्या दिवशी तुला टेबलावर बसवणार होतो. तुझा हात ताईपेक्षा हलका आहे. हे तिला मी कधी सांगितलं नाही. आज ती तुझ्या शेजारी बसली आहे म्हणून सांगतो, तिला लागेल, पण ती उठून जाणार नाही."

मधे बरंच तुझ्या लहानपणाचं होतं. पहिल्यांदा गाडी मागे घेताना तू भिंतीला लावलीस ते. तुझ्या लग्नात ते बोलायला उभे राहिले आणि त्यांना सुचलं नाही, ते. त्यात काय बोलायचं होतं तेही सांगितलं: "हा माणूस रागाने उठून जातो, पण कुणाचं वाईट करून जात नाही." शेवटी म्हणाले, "बारक्या, तुझं संपलं. आता तू गेलास तरी चालेल, पण बस."

एवढं सगळं तुझं. घे.

त्यानंतर ते म्हणाले, "आता ताई. ताईशी मला खूप बोलायचंय. जरा पाणी पितो." आणि बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला. माझ्या डोक्यात तोपर्यंत तुझा तो 'ताईपेक्षा हलका' हातच चालू होता. मी तबकडी बाहेर काढायचं बटण दाबलं. त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंतही मी थांबले नाही.

ताई